एकशे वीस खुर्च्यांचा माणूस

भारतीय सांस्कृतिक केंद्रात मी पहिल्यांदा गेलो तो संस्कृतीसाठी नव्हे, हे आधीच कबूल करून टाकतो. दाराबाहेरच्या पाटीवर ‘व्याख्यान, नंतर चहा’ असं लिहिलं होतं आणि मी त्यातला शेवटचा शब्दच वाचला. या शहरात येऊन मला सात आठवडे झाले होते. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी काचा घासायचो, आणि सात आठवड्यांत माझ्याशी जे काही बोलणं झालं होतं ते सगळं नंबरांत झालं होतं. उणे दोन, अधिक दीड, डावा डोळा, उजवा डोळा. त्यापलीकडे मला कोणी काही विचारलं नव्हतं.

जिना चढून हॉलच्या दाराशी पोचलो तेव्हा व्याख्यान सुरू झालं होतं. आत वीस-बावीस माणसं होती आणि एकही खुर्ची रिकामी नव्हती. मी मनात म्हटलं, सुटलो, चहाच्या वेळेला परत येऊ. वळणार इतक्यात हॉलच्या मागच्या हिरव्या पडद्यातून एक बुटका, टक्कल पडलेला, मनगटाला रुमाल गुंडाळलेला माणूस घडीची खुर्ची घेऊन बाहेर आला. शेवटच्या रांगेच्या टोकाला त्यानं ती अलगद उघडली, बैठकीवरून एकदा हात फिरवला आणि मराठीत म्हणाला, “या. तुमच्यासाठीच आणली.”

मी मराठी आहे हे कसं ओळखलंत, असं मी पुढे कधीतरी विचारलं. “तू पायऱ्या मोजत आलास,” ते म्हणाले. “एकवीस, बावीस. माणूस पायऱ्या आपल्याच भाषेत मोजतो.”

तर मी बसलो. व्याख्यान जुन्या नाण्यांवर होतं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण मी शेवटपर्यंत हललो नाही. एवढ्या मोठ्या शहरात कोणीतरी माझ्यासाठी उठून आतून खुर्ची आणली होती. अशा खुर्चीवरून मध्येच उठून जायचं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठण्यासारखं. पुढच्या गुरुवारी चित्रपट होता, तेव्हा गेलो. त्याच्या पुढच्या शनिवारी नृत्य होतं, तेव्हाही गेलो. दोन्ही वेळा हॉल भरलेला, आणि दोन्ही वेळा पडद्यातून खुर्ची आली. ‘तुमच्यासाठीच’ हे पुढे ‘तुझ्यासाठीच’ झालं, एवढाच फरक. आपण गेलो की हॉल वाढवावा लागतो, असा माझा गोड समज झाला. केंद्रात येणाऱ्या निम्म्या लोकांचा हाच समज आहे, हे कळायला मला तीन महिने लागले.

सगळे त्यांना खुर्चीकाका म्हणतात. कागदोपत्री त्यांचं पद ‘सभागृह सहायक’ असं आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःच मागे वळून कोण आलंय ते बघतील. हॉलमध्ये एकशे वीस खुर्च्या आहेत. घडीच्या, लोखंडी, बैठकीला मरून रेक्झिन. गेल्या एकोणीस वर्षांत एकशे वीस कधीच लागल्या नाहीत. एकशे चार हा विक्रम, तोही कार्यक्रमानंतर जेवण आहे अशी कोणीतरी आवई उठवली म्हणून. बाकी एरवी वीस, तीस, फार तर साठ.

खुर्चीकाकांचा एकच नियम. कलावंताला रिकामी खुर्ची दिसता कामा नये. म्हणून येतील त्यापेक्षा कमीच मांडायच्या आणि माणूस जिना चढू लागला की एक-एक वाढवायची. पावलांच्या आवाजावरून त्यांना कळतं की एकटा येतोय की जोडपं, आणि जोडप्यात भांडण झालंय की काय. झालं असेल तर दोन खुर्च्यांमध्ये एक वीत जास्त.

मांडणीचं त्यांचं सगळं शास्त्र आहे. चित्रपटाला पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधोमध मागची खुर्ची, म्हणजे पुढच्याचं डोकं पडद्यावर येत नाही. व्याख्यानाला ऐसपैस, आणि बाजूला मोकळी वाट. “माणसाला पळता येईल असं वाटलं ना, की तो पळत नाही,” हे त्यांचं म्हणणं. गाण्याला मात्र खांद्याला खांदा लागेल इतकं जवळ. का, तर एकट्यानं ‘वा’ म्हणायला माणूस लाजतो, शेजारी लागतो. नृत्याचा हिशोब सगळ्यात सोपा, मुली गुणिले चार. आई, बाबा, मावशी आणि फोटो काढणारा. पण आपल्या मुलीचा नाच झाला की ही चारही मंडळी उठतात, म्हणून काका दर वेळी संचालकांना सांगतात, छोट्या मुलींचा नाच शेवटी ठेवा. व्याख्यानाचा अंदाज ते पत्रिकेवरून बांधतात. शीर्षक जितकं लांब तितक्या खुर्च्या कमी. एकदा तीन ओळींचं शीर्षक आलं, तेव्हा त्यांनी नऊ मांडल्या. आठ माणसं आली. नवव्या खुर्चीवर काकांनी वक्त्याची पिशवी ठेवली.

संचालक दर तीन वर्षांनी बदलतात. नवे आले की पहिल्या आठवड्यात विचारतात, सगळ्या खुर्च्या बाहेर का नाहीत. दुसऱ्या कार्यक्रमानंतर विचारत नाहीत. सध्याच्या संचालकबाई तर प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो वरच्या कार्यालयाला पाठवतात, आणि फोटोत हॉल कायम भरलेला. वरच्यांना वाटतं, इथे संस्कृतीला महापूर आलाय.

आणि एक. या खुर्च्या बूट घालतात. एकशे वीस खुर्च्यांचे चारशे ऐंशी पाय, आणि प्रत्येक पायाला जाड लोकरी कापडाचा शिवलेला मोजा. ते काकूंचं काम. काकू कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणयंत्रावर बसतात आणि उरलेल्या तुकड्यांतून खुर्च्यांचे बूट शिवतात. वर्षभरात झिजले, की नवे जोड. एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं होतं. “जमिनीला ओरखडे पडतात म्हणून,” काका म्हणाले. काकूंनी दोरा ओवला.

मला या शहरात जे काही मिळालं ते शेवटच्या रांगेतल्या टोकाच्या खुर्चीवर बसून मिळालं. राहायची खोली मिळाली ती शेजारच्या खुर्चीवर झोपलेल्या निवृत्त इंजिनिअरांमुळे. हे गृहस्थ प्रत्येक कार्यक्रमाला येतात, पहिल्या पाच मिनिटांत झोपतात आणि शेवटी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवतात. त्यांची काठी माझ्या पायावर पडली, ती मी उचलून दिली, आणि चहा होईपर्यंत मी त्यांचा भाडेकरू झालो होतो. रविवारी दुपारी काकूंच्या हातचं जेवायला लागलो तोही तिथूनच. दोन बोलणारी माणसं, एक जेवणाचं टेबल आणि त्यावर कायम पसरलेले खुर्च्यांचे बूट. काकांच्या मुलीचं लग्न होऊन ती दुसऱ्या शहरात असते, त्यामुळे रागवायला त्यांना घरात कोणी नव्हतं. ती जागा मी भरली.

एका शनिवारी हॉल आवरताना मी सहज म्हणून गेलो, “काका, एखाद-दुसरी राहिली रिकामी तर काय आभाळ कोसळणार आहे?”

काका हातातल्या खुर्च्या खाली ठेवून बसले. खुर्चीवर नाही, रंगमंचाच्या पायरीवर. हॉलमधल्या खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

“एकदा तीनशे मांडल्या होत्या,” ते म्हणाले.

ही गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची, त्यांच्या तालुक्याच्या गावची. काका तेव्हा मांडव आणि खुर्च्या भाड्यानं देणाऱ्याकडे कामाला होते. लग्नाला चार महिने झालेले. काकू नऊ वर्षं गाणं शिकल्या होत्या आणि शाळेच्या सभागृहात त्यांचा पहिला कार्यक्रम ठरला. नव्या नवऱ्याचा उत्साह तो. मालकाच्या हातापाया पडून काकांनी तीनशे खुर्च्या आणल्या, स्वतः मांडल्या, स्वतः पुसल्या. माणसं आली अकरा.

“पहिलं गाणं झालं. दुसरं धरलं आणि मध्येच थांबली. नमस्कार केला आणि आत निघून गेली. त्यानंतर चारचौघांत तोंड उघडलं नाही तिनं.” काकांनी मनगटाचा रुमाल सोडला आणि परत गुंडाळला. “दोनशे एकोणनव्वद रिकाम्या खुर्च्या. त्यांनी गिळलं तिचं गाणं. आणि मांडल्या कोणी, तर मी.”

मी चार खुर्च्या उचलल्या आणि पडद्यामागे नेऊन ठेवल्या.

मग यंदा असं झालं की केंद्रात गायला येणाऱ्या बाईंचा निघायच्या आधी पाय मोडला. कार्यक्रमाला आठ दिवस उरलेले, पत्रिका वाटून झालेल्या. संचालकबाई हवालदिल. तेव्हा तबलजी पुढे सरसावले. आमचे तबलजी एरवी दातांचे डॉक्टर आहेत. विजारीची शिवण उसवली म्हणून ते दुरुस्तीच्या दुकानात गेले होते आणि तिथे यंत्राच्या आवाजाखाली कोणीतरी गाताना त्यांनी ऐकलं होतं. “यंत्र मध्येच अडकलं,” ते संचालकबाईंना म्हणाले, “पण त्यांची लय अडकली नाही. मी विजार तिथेच विसरून आलो.”

संचालकबाईंनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, “गाईन.” एवढंच. विचार करून सांगते नाही, घरी विचारते नाही. काका तेव्हा हॉलमधला दिवा बदलत होते. त्यांची शिडीवरून उतरायची पायरी चुकली.

रविवारी मी जेवायला गेलो तर टेबलावर बुटांच्या जोडीला एक कागद होता. काकांनी हॉलचा नकाशा काढला होता.

“हे बघ,” ते काकूंना म्हणाले, “आधी पंचवीस. मग पाच-पाच करत वाढवू. चष्मेवाला दारात उभा राहील आणि मला खूण करील. तू बाहेर येशील तेव्हा एक जागा रिकामी दिसणार नाही. माझी गॅरंटी.”

“सगळ्या मांडा,” काकू म्हणाल्या.

“कसल्या सगळ्या?”

“खुर्च्या. एकशे वीस.”

काकांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच हे शिकवून आणलं होतं. “अगं, शनिवार आहे. जाहीर झालेली बाई येत नाहीये. हवा चांगली असली तर पन्नास येतील, वाईट असली तर तीस.”

“येऊ देत तीस.”

“आणि बाकीच्या नव्वद दिसतील त्याचं काय? तुला कल्पना नाही वरून ते कसं दिसतं.”

“मला कल्पना नाही?” काकूंनी दातांनी दोरा तोडला. “हे बघा, तुमची विद्या मला ठाऊक आहे. पंचवीस मांडायच्या आणि हॉल भरला म्हणून दाखवायचं. बाकीच्यांना फसवा, ते दोन दिवसांनी विमानात बसून जातात. मला तुमच्याबरोबर घरी यायचं असतं.”

“मी फसवत नाही, मी तुला जपतोय. त्या वेळी त्या रिकाम्या खुर्च्या बघून तू जी उठलीस...”

“कोण म्हणालं खुर्च्या बघून उठले?”

“तूच.”

“कधी?”

काका आठवू लागले. एकतीस वर्षं मागे जायचं म्हणजे वेळ लागतोच. मी भाताकडे बघत राहिलो.

“अहो, अकरा माणसं मला पुष्कळ होती,” काकू म्हणाल्या. “पहिल्या गाण्याला त्यातल्या दोघांनी ‘वा’ म्हटलं. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. एकाला मोठा चामखीळ होता. मी खुशीत दुसरं गाणं धरलं. अंतऱ्याला आले आणि मागून आवाज आला, खट. परत खट. मला वाटलं काही पडलं. डोळे उघडून बघते तर माझा नवरा शेवटच्या रांगेपासून खुर्च्या मिटत येतोय.”

काकांचा चेहरा पडला. “तुला रिकाम्या दिसू नयेत म्हणून.”

“ते आज कळतं. तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. मला वाटलं, ह्यांना गाणं आवडलं नाही. आवरा आता, घरी चला, असं सांगतायत.”

काकांनी हॉलच्या नकाशाची घडी घातली. मग काका म्हणाले, “मग तू बोलली का नाहीस?”

“चार दिवस तुम्ही धड जेवला नव्हतात. त्यात हे कुठे सांगू? मग मुलगी झाली, मग इकडे आलो. राहूनच गेलं.” काकूंनी हातातला बूट उलटा करून टीप तपासली. “पण दर कार्यक्रमाला मी त्या हॉलमध्ये बसायची आणि तुम्ही मागे खट करायचात. प्रत्येक खट ऐकला की मला तो अंतरा आठवायचा.”

काकांनी टेबलावरचा एक बूट उचलला आणि निरखून बघितला. इतकी वर्षं त्यांनी ते हजारोंनी चढवले होते, पण बघितला बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदा. “म्हणजे हे जमिनीसाठी...”

“जमिनीसाठीपण,” काकू म्हणाल्या.

मग त्यांनी अटी घातल्या. सगळ्या खुर्च्या मांडायच्या. आणि गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत काकांनी एकाही खुर्चीला हात लावायचा नाही. पडली, मोडली, पेटली, काहीही झालं तरी. बसायचं, आणि ऐकायचं. “ह्या वेळी मध्ये थांबावं लागलं तर परत नाही गाणार मी. नंतर कधी म्हणेपर्यंत घसा राहील की नाही कोण जाणे.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तू ह्यांच्या शेजारी बस. हात हलला की धर.”

“काकू, ते एका हातात चार खुर्च्या उचलतात.”

“दिवसभर काचा धरतोस ना, न फुटू देता? तसाच धर.”

शनिवारी दुपारी काकांनी खुर्च्या मांडल्या. मी त्यांना पुष्कळदा मांडताना बघितलं होतं, पण त्या दिवशी ते इंजेक्शन घ्यायला निघालेल्या माणसासारखे दिसत होते. साठ झाल्या तरी पडद्यामागे तेवढ्याच बाकी. ऐंशीव्या खुर्चीला ते म्हणाले, “हिला मी सहा वर्षांनी बाहेर काढतोय.” एकशे विसावी खुर्ची एका पायात अधू आहे. ती ते कधीच कोणाला देत नाहीत, पण अट म्हणजे अट. तिलाही चौथ्या रांगेत जागा मिळाली.

संचालकबाई आल्या आणि दारातच थबकल्या. “काका, हे काय?”

“ऑर्डर आहे.”

“कोणाची?”

“वरून,” काका म्हणाले. बाईंना वाटलं, वरच्या कार्यालयाची. त्या गुपचूप पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.

लोक येऊ लागले आणि वेगळीच पंचाईत झाली. जो येई तो दारात उभा राही. एकोणीस वर्षांत कोणी स्वतःची खुर्ची स्वतः निवडली नव्हती. ते पडद्याकडे बघत, पडदा हलत नसे. काका शेवटच्या रांगेशी हात मागे बांधून उभे, घरी पाहुणे आलेत आणि आपल्यालाच स्वयंपाकघरात जायची बंदी आहे अशा चेहऱ्यानं. शेवटी लोक बसले, पण बसले कसे, तर इथे दोन, तिथे एक, कोपऱ्यात तीन. निवृत्त इंजिनिअर चौथ्या रांगेत एकटेच. तबलजींनी रंगमंचाच्या पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाले, “मला असली तोंडं बघायची सवय आहे.”

पाच वाजता मोजले. मला धरून त्रेचाळीस.

टोकाच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवरून मी हात फिरवला. “या काका. तुमच्यासाठीच आणली.” आणली नव्हती, मांडलेलीच होती, पण म्हणावंसं वाटलं. ते बसले. पाठ टेकेना. खुर्चीच्या कडेवर, पळायच्या तयारीत.

काकू बाहेर आल्या. साधीच साडी, हातात रुमाल. बसल्या आणि त्यांनी हॉल बघितला. घाई नाही. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, भरलेल्या आणि रिकाम्या, सगळ्या खुर्च्यांवरून त्यांची नजर फिरली. काकू म्हणाल्या, “बरीच मंडळी आलीत,” आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं हे ऐकणाऱ्याला कळत होतं.

पहिल्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी जरा कोरड्या गेल्या. बरीच वर्षं न उघडलेलं दार कुरकुरतं तसं. तिसऱ्या ओळीला ते दार उघडलं. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, काचेतलं कळतं. काच घासता घासता एक क्षण असा येतो की ती आहे हेच दिसेनासं होतं, फक्त पलीकडचं दिसतं. तसं काहीतरी झालं. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ‘वा’ म्हटलं, तेही शेजारी कोणी नसताना.

दुसरं गाणं धरलं आणि काकांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. “हेच,” ते पुटपुटले. “तेव्हाचं.”

मुखडा झाला. अंतरा आला. आणि नेमके तेव्हाच चौथ्या रांगेतले इंजिनिअर, जे मुखड्यालाच गाढ झोपले होते, त्यांची काठी घसरली. ती शेजारच्या खुर्चीच्या पायावर गेली. शेजारची खुर्ची म्हणजे एकशे विसावी. तिनं क्षणभर विचार केला आणि सावकाश मिटत खाली गेली. पायात बूट होते, पण पाठीला कोणी बूट शिवले नव्हते. पाठ पुढच्या खुर्चीवर आपटली.

खट.

काका उभे राहिले. म्हणजे एकोणीस वर्षांची सवय उभी राहिली, काका तिच्यामागून गेले. मी त्यांचं मनगट धरलं, रुमालासकट. माझी ताकद पुरणार नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

काकूंनी डोळे उघडले. त्यांनी खुर्चीकडे बघितलं नाही. सरळ शेवटच्या रांगेकडे, काकांकडे बघितलं. ओळ अर्धी राहिली होती. तबला चालू होता. दातांच्या डॉक्टरांनी मान खाली घातली आणि वाजवत राहिले, जणू काही झालंच नाही.

काका बसले. पाठ टेकली. दोन्ही हात मांड्यांखाली घातले, शाळेत बाई बसवतात तसे, आणि वर बघितलं.

काकूंनी अंतरा पहिल्यापासून घेतला. जिथे ओळ तुटली होती तिथे आल्या आणि पुढे गेल्या. एकतीस वर्षांपूर्वीची ती ओळ पुढे कशी जाते हे काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. हॉलमधल्या बाकी लोकांच्या दृष्टीनं एक खुर्ची पडली होती, बस. इंजिनिअर तर जागेही झाले नाहीत.

एकूण सहा गाणी झाली. चौथ्याला एक जोडपं बस गाठायला उठून गेलं, तेव्हा काकांची मान त्यांच्या खुर्च्यांकडे वळली, पण हात मांडीखालीच राहिले. नंतर त्यांनी बोटं हलवून बघितली. मुंग्या आल्या होत्या.

चहाच्या वेळी संचालकबाई फोन हातात धरून म्हणाल्या, “गाणं फार सुरेख झालं. पण हा फोटो वर कसा पाठवू? निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या दिसतायत.”

“खरा आहे ना? मग पाठवा,” काकू म्हणाल्या. बाईंनी पाठवला. (महिन्याभरानं वरून पत्र आलं. आसनक्षमता वाढवल्याबद्दल केंद्राचं अभिनंदन केलं होतं.) इंजिनिअरांनी काकूंना सांगितलं की दुसरं गाणं त्यांना सगळ्यात आवडलं. तबलजींनी आपली विजार मागितली. काकूंनी ती पिशवीत घालून आणली होती.

मंडळी गेल्यावर आम्ही तिघं खुर्च्या आवरायला लागलो. काकू रंगमंचावरून उतरून सरळ चौथ्या रांगेत गेल्या, ती पडलेली एकशे विसावी उचलली, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “इथेही एक पट्टी शिवायला हवी.” काका शेवटच्या रांगेपासून मिटत येत होते.

“किती होते हो?” काकूंनी विचारलं.

“त्रेचाळीस.”

“नीट मोजा.”

“दोनदा मोजलेत. पाच वाजता त्रेचाळीस, नंतर कोणी आलं नाही. मध्ये दोघं गेले ते वेगळं.”

“चव्वेचाळीस,” काकू म्हणाल्या. “शेवटच्या रांगेत टोकाला एक टकलू बसला होता. मला वरून स्पष्ट दिसला.”

काका तसेच उभे राहिले, हातात अर्धी मिटलेली खुर्ची. मग त्यांनी ती पूर्ण मिटली. आवाज आला नाही.